आधी गिऱ्हाईक, मग टाइल

कोथरूडमधल्या एखाद्या तीसेक वर्षांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके डोळ्यांसमोर आणावा. घर नुकतंच नवं केलेलं. दाराला पॉलिशचा वास, बैठकीत पीओपीच्या छतातून डोकावणारे पिवळे दिवे, स्वयंपाकघरात काळा कडाप्पा काढून बसवलेला पांढराशुभ्र ओटा. बघायला आलेल्यांपैकी मुलगा मोबाइलवर व्हिडिओ काढतो, सून ट्रॉल्या ओढून पाहते. सासूबाई मात्र थेट न्हाणीघरात शिरतात, मान वर करून छताच्या कोपऱ्यात ओल शोधतात, नळ सोडून धार बघतात आणि बाहेर येऊन विचारतात, “पाणी किती वेळ येतं? आणि कपडे वाळत कुठे घालायचे?” कपड्यांची बाल्कनी मालकाने बैठक मोठी दिसावी म्हणून आत घेतलेली असते. सौदा तिथेच फिसकटतो, चहा मात्र सगळे घेऊन जातात.

जुना फ्लॅट घ्यायचा, नवा करायचा आणि विकायचा, हा उद्योग पुण्या-मुंबईत आता नोकरदारही करू लागले आहेत. कुणी बँकेच्या लिलावातून घेतो, कुणी परदेशी निघालेल्या शेजाऱ्याकडून. फरशी, रंग, प्लंबिंग यांवर महिनोन्‌महिने चर्चा झडते. घर विकायचं कसं, ब्रोकरकडून की पोर्टलवर टाकून, एकाच एजंटला द्यायचं की दहा जणांना, सजवून की रिकामं, हा प्रश्न मात्र शेवटचा रंगारी निघून गेल्यावर पुढे येतो. खरं तर घर विकत घेतानाच तो पडायला हवा, कारण गिऱ्हाईक कोण यावर विक्रीची पद्धतही ठरते आणि टाइलही.

थोडं गणित मांडून पाहू. समजा, पुण्यात ७५ लाखांना फ्लॅट घेतला. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क एकूण ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणी फी ३० हजार. ब्रोकरला एक टक्का धरला तर ७५ हजार. नूतनीकरणाला ९ लाख. पन्नास लाखांच्या कर्जावर ९ टक्क्यांनी वर्षाचं व्याज साडेचार लाख आणि महिना तीन हजारांनी सोसायटीचा देखभाल खर्च ३६ हजार. बेरीज ९५ लाखांच्या वर जाते. विकताना पुन्हा एक टक्का दलाली. म्हणजे ९६ लाखांना विकला तर मालकाच्या हाती मेहनतीचा एक रुपयाही उरत नाही. दलालीवरचा जीएसटी आणि कंत्राटदाराने वाढवलेलं बिल यात धरलेलंच नाही.

आता समोरच्या बाजूने पाहावं. ९६ लाखांचा फ्लॅट घेणारा बहुधा गृहकर्ज काढणार. ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात बँकेने किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शिवाय ही टक्केवारी करारातली किंमत आणि बँकेचं मूल्यांकन यांतल्या कमी आकड्यावर लागते. मूल्यांकन करणारा येतो, कार्पेट मोजतो, इमारतीचं वय पाहतो. पिवळ्या दिव्यांचं आणि ट्रॉल्यांचं त्याला फारसं कौतुक नसतं. त्याने किंमत ८८ लाख धरली, तर कर्ज ७० लाख ४० हजारांच्या पुढे जात नाही. उरलेली रक्कम, मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलाली मिळून घेणाऱ्याला स्वतःच्या खिशातून साडेतेहेतीस लाखांच्या आसपास उभे करावे लागतात. त्यासाठी पीएफ, वडिलांची एफडी, बायकोचे दागिने, सगळं बाहेर काढावं लागतं. इतकी जमवाजमव केलेल्या माणसाला उंची टाइलपेक्षा गळती नसल्याची खात्री हवी असते. नूतनीकरणाचा पैसा विक्रीत अनेकदा पूर्ण वसूल होत नाही, त्याचं हे मोठं कारण आहे.

तरीही मालक किंमत खाली आणत नाही. हा हट्ट फक्त आपल्याकडचा नाही. बॉस्टनमध्ये नव्वदच्या दशकात बाजार पडला, तेव्हाच्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी २००१ साली प्रसिद्ध केला. ज्यांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमी मिळणार होतं, ते विक्रेते इतरांपेक्षा चढी किंमत सांगत आणि त्यांची घरं जास्त दिवस पडून राहत. “मी एवढा खर्च केलाय” हे वाक्य मराठीत उच्चारलं काय नि इंग्रजीत, घेणाऱ्याच्या कानाला सारखंच लागतं. जाणकार कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. अमेरिकेतल्या झिलो या बड्या संकेतस्थळाने संगणकी अंदाजांवर घरं विकत घेऊन, किरकोळ दुरुस्ती करून पुन्हा विकण्याचा धंदा मांडला होता. २ नोव्हेंबर २०२१ रोजी कंपनीने तो गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. एका तिमाहीत ३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बुडीत धरावी लागली आणि सुमारे चौथाई कर्मचाऱ्यांना घरी जावं लागलं. घरोघरचे आकडे ज्यांच्या संगणकात होते, त्यांचाच विक्रीच्या किमतीचा अंदाज चुकला.

मग किंमत ठरवायची कशावरून? पोर्टलवर दिसतात ते मागणीचे आकडे, म्हणजे मालकांची स्वप्नं. झालेल्या व्यवहारांचे आकडे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये असतात. गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की दस्तांची यादी उघडते. प्रत्येक दस्ताच्या इंडेक्स टू या गोषवाऱ्यात किंमत, क्षेत्रफळ, तारीख सगळं लिहिलेलं असतं. आपल्याच इमारतीत गेल्या दोन वर्षांत काय भावाने फ्लॅट गेले, हे एका संध्याकाळी कळू शकतं. व्यवहारात काही भाग रोखीने झाला असेल, तर दस्तातला आकडा खऱ्यापेक्षा कमी असणार, हे धरूनच तो वाचावा लागतो. पण पोर्टलवरच्या आकड्यांपेक्षा हा आधार कितीतरी भक्कम आहे.

विकायच्या वाटांमध्ये सर्वांत मळलेली वाट ब्रोकरची. दलाली ठिकाणानुसार साधारण एक ते दोन टक्के आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंकडून. आपल्याकडचा रिवाज असा, की एकाच घराच्या किल्ल्या आठ-दहा एजंटांकडे फिरतात. अमेरिकेत एजंटांची घरांची सामायिक यादी असते, एकाने घातलेलं घर सगळ्यांना दिसतं. तशी सर्वमान्य यादी आपल्याकडे नाही. तिचं काम एजंटांचे व्हॉट्सअ‍ॅप गट करतात. त्यामुळे तोच फ्लॅट तीन वेगळ्या किमतींना आणि चार वेगळ्या क्षेत्रफळांना फिरत राहतो. दहा ठिकाणी दिसलेलं घर घेणाऱ्याला पडेल वाटतं. “इतके दिवस का गेला नाही?” ही शंका किमतीला सगळ्यांत आधी पोखरते.

ब्रोकरबद्दल मालकाची तक्रार एकच, की तो सौदा घाईने उरकतो. या तक्रारीला आकड्यांचा पुरावा आहे. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन यांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास केला. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते इतरांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला जातं आणि बाजारात साडेनऊ दिवस अधिक राहतं, असं त्यात दिसलं. कारण साधं आहे. मालकाला दोन लाख जास्त मिळाले, तर एक टक्क्याच्या ब्रोकरच्या पदरात पडतात दोन हजार. त्यासाठी तो आणखी महिनाभर चपला का झिजवील? यात लबाडी शोधायचं कारण नाही, त्याचं गणितच वेगळं आहे.

म्हणून ब्रोकर टाळावा का? विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात मालकांना थेट विक्रीसाठी एक वेगळं संकेतस्थळ होतं. तिथल्या आणि एजंटांच्या यादीतल्या विक्रींची तुलना इगाल हेंडेल, अव्हिव्ह नेव्हो आणि फ्रान्स्वा ऑर्टालो-मॅन्ये यांनी केली. २००९ सालच्या त्यांच्या निष्कर्षानुसार एजंटांमुळे किंमत वाढल्याचं दिसलं नाही, पण घरं लवकर गेली. म्हणजे दलाली द्यायची ती मुख्यतः वेळेसाठी. कर्जाच्या व्याजावर चाललेल्या गुंतवणूकदाराला हा हिशेब लगेच उमगेल. वर मांडलेल्या उदाहरणात व्याज आणि देखभाल मिळून महिन्याला चाळीस हजारांहून अधिक जातात. तीन महिने वाचले, तर एक टक्का दलालीहून जास्त रक्कम वाचते. कर्ज नसलेल्या निवृत्त मालकाचा हिशेब निराळा. त्याला थांबायला परवडतं.

पोर्टलांची कहाणीही याच वेळेभोवती फिरते. ९९एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग डॉट कॉम यांच्यावर घर टाकणं सोपं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या नोब्रोकरने तर दलालीमुक्तीच नावात घेतली. अडचण जाहिरात चढल्यावर सुरू होते. पहिल्या दिवशी फोन घणघणतो आणि त्यातले बरेचसे फोन एजंटांचे निघतात. खऱ्या ग्राहकांना शनिवार-रविवारीच वेळ असतो, येतो म्हणून सांगितलेल्यांपैकी निम्मे येत नाहीत, आणि मालक ठाण्यात राहत असेल, तर त्याला प्रत्येक वेळी पुण्याला यावं लागतं. घराजवळ राहणाऱ्या, फोनवर न कंटाळणाऱ्या, घासाघीस करताना चेहरा शांत ठेवता येणाऱ्या माणसाने ही वाट जरूर धरावी. बाकीच्यांची दलाली पेट्रोलात जाते.

जाहिरातीचा मजकूर हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. ‘प्राइम लोकेशन, फुल्ली फर्निश्ड, किंमत फोनवर’ असल्या ओळींनी कुणी जिने चढून येत नाही. त्याऐवजी लिहावं: कार्पेट ६४० चौरस फूट, दुसरा मजला, लिफ्ट नाही, झाकलेली पार्किंग एक, न्हाणीघरांचं वॉटरप्रूफिंग आणि सगळं प्लंबिंग मागच्या वर्षी नवं, भोगवटा पत्र आहे, कर्जाचा बोजा नाही. लिफ्ट नाही हे लपवलं तर गुडघेदुखीवाले आजोबा येऊन परत जातात, दोघांचाही रविवार फुकट. वाइड लेन्सने दहा बाय दहाची खोली हॉल केली तर दाराशीच चेहरा पडतो. रिसेलचा एक मुद्दा तर विक्रेते सांगतच नाहीत: बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटवर साधारण ५ टक्के जीएसटी लागतो, भोगवटा पत्र मिळालेल्या जुन्या घरावर तो नाही. ९६ लाखांवर हा फरक ४ लाख ८० हजारांचा. शेजारच्या नव्या टॉवरच्या झगमगत्या सँपल फ्लॅटला उत्तर देणारा इतका सरळ आकडा हाताशी असताना जाहिरातीत पिवळ्या दिव्यांचे फोटो येतात!

घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तीही घेणाऱ्याला सुचवावी, त्याचे ९६ हजार वाचतात.

काळवेळेचा विचारही आपल्याकडे करावा लागतो. पितृपक्षात टोकन द्यायला हात आखडतो. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या मुहूर्तांवर मोकळा होतो. भाद्रपदात घर तयार झालं, तर आधी गळतीची परीक्षा पावसालाच घेऊ द्यावी आणि जाहिरात नवरात्राच्या तोंडावर काढावी. सरकारी मुहूर्तही असतात. करोनाकाळात राज्याने मुद्रांक शुल्क १ सप्टेंबर २०२० पासून वर्षअखेरपर्यंत तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी केलं, तेव्हा डिसेंबर आणि मार्चमध्ये दुय्यम निबंधक कार्यालयांत रांगा लागल्या होत्या.

कुठलीही वाट धरली तरी पाय अडतो तो कागदांवर. मूळ करारनामे आणि त्यांचे इंडेक्स टू, भागपत्र, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, मालमत्ता कराची पावती, भोगवटा पत्र, आणि आधीच्या मालकांची अखंड साखळी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरासाठी ना हरकत प्रमाणपत्राची सक्ती नाही आणि हस्तांतर अधिमूल्य २५ हजारांच्या वर घेता येत नाही. पण बँक बहुतेक वेळा सोसायटीचं पत्र मागतेच. तेव्हा सचिवांशी भांडून ठेवलेलं असेल, तर विक्रीपूर्वी मिटवलेलं बरं. घेणाऱ्याचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. चौदा-पंधरा दिवसांत कुणा चुलतभावाची हरकत आली, तर इटालियन मार्बल कामाला येत नाही. सगळी फाइल आधीच तयार ठेवणारा विक्रेता दुर्मीळ आहे. ज्याची फाइल तयार, त्याच्याशी घासाघीस कमी होते.

नूतनीकरणाचे कागद यातच येतात. घाटकोपरची साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावरच्या फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या प्रकरणात झाला. तेव्हापासून जाणते ग्राहक “ही भिंत कुणाला विचारून काढली?” असं विचारू लागले आहेत. सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र फाइलमध्ये असेल, तर पाडलेली भिंत गुण ठरते. नसेल तर तीच भिंत भाव पाडते.

काही इमारतींत मात्र नूतनीकरण हाच मुळात चुकीचा निर्णय असतो. मुंबईच्या उपनगरांत आणि पुण्याच्या जुन्या भागांत तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीतलं घर घेणारा बहुधा पुनर्विकास विकत घेत असतो. तो विचारतो जुनं कार्पेट किती, बिल्डर किती जादा देणार, जागेचं अभिहस्तांतरण झालं का. पुनर्विकासाबाबतच्या ४ जुलै २०१९ च्या शासकीय निर्देशांनुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीने गाडी पुढे सरकू शकते. चार वर्षांत जमीनदोस्त होणाऱ्या ओट्याचे पैसे कोण देईल? अशा घराला रंग मारावा, नळ दुरुस्त करावेत आणि सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं ग्राहकापुढे ठेवावीत. तिथे ब्रोकरही वेगळा लागतो, पुनर्विकासाचे व्यवहार करणारा.

गोव्यात चित्र उलटं आहे. आसगाव, मयडे, हळदोणे इथली कौलारू जुनी घरं घेऊन दुरुस्त करणाऱ्यांचं गिऱ्हाईक दिल्ली, मुंबई, बंगळुरूतलं असतं आणि ते नेमकं त्या रूपासाठीच पैसे मोजतं: बाल्कांव, शिंपल्यांच्या खिडक्या, जुन्या फरश्या. तिथे चांगला छायाचित्रकार आणि मोजक्या ओळखीतली विक्री कामाला येते. पोर्टलवरच्या गर्दीत ते घर हरवतं. पण कागद तिथेही आडवे येतात. गोव्याच्या नागरी कायद्यामुळे सर्वसाधारणपणे पती-पत्नी दोघांची सही लागते, वारसांची वाटणी झालेली असावी लागते आणि आवारात मुंडकार, म्हणजे मालकाच्या जागेत घर करून राहणारा माणूस, असेल, तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. नारळाच्या झावळ्यांआडचं मुंडकाराचं छोटं घर फोटोत येत नाही, खरेदीखताच्या वेळी येतं.

परदेशातल्या मराठी माणसांनी पुण्यात घेतलेल्या फ्लॅटांची गत निराळी. विक्रेता निवासी असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर घेणारा एक टक्का करकपात करतो. विक्रेता अनिवासी असेल तर कपात बरीच मोठी होते, आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी काढलं नाही, तर पैसे परताव्यापर्यंत अडकून पडतात. अनेक ग्राहक या कटकटीलाच भिऊन मागे सरतात. न्यू जर्सीत बसलेल्या मालकाने टाइलचे नमुने मागवण्याआधी हे प्रमाणपत्र आणि कुलमुखत्यारपत्र यांची सोय पाहावी.

या साऱ्या वाटांत मध्यम वकुबाच्या गुंतवणूकदाराला परवडणारी वाट कोणती? एकाच, त्याच वस्तीत काम करणाऱ्या एजंटला लेखी मुदतीने घर द्यावं, तीन महिने पुरे. दलालीचा दर ठरवताना अमुक रकमेच्या वरच्या भागावर जादा टक्का द्यावा, म्हणजे वरच्या दोन लाखांसाठी त्यालाही ओढ राहील. शेजारी आणि सोसायटीच्या गटात स्वतः सांगण्याची मुभा करारातच ठेवावी. आईवडील जवळ असावेत म्हणून त्याच इमारतीत घर शोधणारा मुलगा, हे रिसेलमधलं सगळ्यांत चांगलं गिऱ्हाईक; त्याला पाणी किती वेळ येतं हे ठाऊक असतं. टोकन धनादेशानेच घ्यावं. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोख घेतली, तर तेवढाच दंड बसू शकतो.

शेवटी कर. घर २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवून त्या-त्या टप्प्याच्या दराने कर लागतो. त्यानंतर विकलं तर २३ जुलै २०२४ पासूनचा दर साडेबारा टक्के. हा उद्योग वारंवार करणाऱ्याचा नफा तर धंद्याचं उत्पन्न धरला जाऊ शकतो. प्लंबिंग, फरशी, वॉटरप्रूफिंग यांसारखा घरात कायमचा मुरलेला खर्च नफ्यातून वजा मागता येतो, सोफा आणि पलंग नाही. पण त्या खर्चाची पक्की बिलं लागतात, आणि कंत्राटदाराच्या वहीतलं पान म्हणजे बिल नव्हे. काम चालू असेल, तर या आठवड्यातच टाइलवाल्याकडून आणि प्लंबरकडून नाव, तारीख, पत्ता घातलेली बिलं मागून घ्या.